निघालीस त्या वर्षाचा हिशेब वेगळा

वाचकाचं पत्र :

मी नागपूरची, प्रतापनगरात वाढले. धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात नर्स होते, पगार २८ हजार. ३ नोव्हेंबर २०२५ ला जर्मनीला निघाले आणि आता श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करते. पगार २,८०० युरो, हातात एकोणीसशेच्या आसपास येतात. इथं टपालाच्या पेटीत सारखे सरकारी लिफाफे पडलेले असतात. मी जर्मनची बी-टू पास आहे, पण पेशंटशी बोलायची जर्मन वेगळी आणि या कागदांची वेगळी. आधी एक अकरा आकडी नंबर आला. पहिल्या पगाराच्या कागदावर ‘वर्ग ६’ होता, तो नंतर ‘वर्ग १’ झाला. फेब्रुवारीत वर्षाचा म्हणून एक कागद मिळाला. महिन्याला १८.३६ युरो भरा असंही एक पत्र आहे. तिकडे बाबांच्या ओळखीचे रिटर्न भरणारे एक काका म्हणतात, “पोरगी आता एनआरआय झाली, परदेशातला पगार इथं दाखवायचाच नसतो.” बाबा म्हणतात, “काहून टेन्शन घेते, मी पाहतो ना.” माझ्या नावावर चार लाखांची एफडी आहे. तिच्या व्याजावर कर कापू नका असं बँकेला सांगणारा १५जी फॉर्म मागच्या एप्रिलमध्ये माझी सही घेऊन बाबांनीच बँकेत दिला होता. माझ्या हातून काही चुकीचं तर होत नाही ना? रात्रपाळीवरून आल्यावर हे लिफाफे पाहिले की रडू येतं.

उत्तर :

प्रिय मुली,

लिफाफे आज तसेच राहू दे. आधी पासपोर्ट काढ आणि भारत सोडतानाचा शिक्का बघ. तुझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या तारखेवर ठरतात, आणि काकांनी नेमकी तीच विचारलेली दिसत नाही.

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात तू भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिली असशील, तर आयकरासाठी त्या अख्ख्या वर्षात तू भारताची निवासी. मोजून बघू. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचे २१४ दिवस, वर नोव्हेंबरचे ३. झाले २१७. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला कायद्यानं थोडी सवलत दिली आहे. इतरांना लागणारी ६० दिवसांची कडक अट त्याला निघण्याच्या वर्षी लागत नाही, १८२ चाच आकडा धरतात. पण तू त्याही पलीकडे आहेस. २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी निघाली असतीस तर १८१ दिवसांत बसली असतीस आणि त्याच वर्षी अनिवासी ठरली असतीस. बाहेर निघायच्या तयारीत असलेल्या तुझ्या मैत्रिणींना हे आवर्जून सांग. व्हिसा कधी हातात येईल ते आपल्याला ठरवता येत नाही. पण सप्टेंबरचा शेवट की ऑक्टोबरची सुरुवात, अशी तिकिटाची निवड कुणापुढे आली, तर त्या आठवडाभराच्या फरकानं तिच्या वर्षभराचा कर बदलू शकतो.

म्हणजे काका पुढच्या वर्षासाठी बरोबर बोलत आहेत. एप्रिल २०२६ पासून तू तिकडेच राहिलीस, तर तुझा जर्मनीतला पगार भारतात दाखवायची गरज नाही. २०२५-२६ या वर्षासाठी मात्र त्यांचा सल्ला चुकीचा आहे. या वर्षी तू निवासी आहेस, आणि जन्मापासून इथंच राहिल्यामुळे पूर्ण अर्थानं निवासी. त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबरचा धंतोलीतला पगार, एफडीचं व्याज आणि नोव्हेंबर ते मार्चचा जर्मनीतला पगार, हे तिन्ही एकाच रिटर्नमध्ये दाखवावे लागतील. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात ‘कर वर्ष’ हा नवा शब्द आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यानं गोंधळू नकोस. तुझ्या या वर्षाचा हिशेब १९६१ च्या जुन्याच कायद्यानं होणार आहे.

आकडा अंदाजानं मांडून बघ. युरोला शंभर रुपये धरले तरी पाच महिन्यांचे १४ हजार युरो म्हणजे १४ लाख. त्यात इथले सात महिन्यांचे १ लाख ९६ हजार आणि एफडीचं व्याज मिळव, मग पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढ. तरी नव्या करप्रणालीतली १२ लाखांची करमाफीची रेषा मागेच राहते. कर लाखाच्या पुढे जातो. हे वाचून घाबरू नकोस, तो सगळा तुझ्या खिशातून जाईलच असं नाही. त्याचं पुढे सांगते. पण कर लागतो हे आत्ता कळलेलं बरं. दोन वर्षांनी नोटीस येऊन कळलं तर त्यावर व्याज चढलेलं असतं. प्रत्यक्ष रिटर्न भरताना शंभरचा ढोबळ भाव चालणार नाही. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, धरतात. पाच महिन्यांचे पाच दर आत्ताच लिहून ठेव.

रिटर्नचा फॉर्म आयटीआर-२. बाबा दरवर्षी तुझा आयटीआर-१ भरत आले असतील. परदेशात खातं असलेल्या निवासी व्यक्तीला तो चालत नाही. आयटीआर-२ मध्ये परदेशी मालमत्तेचा एक तक्ता असतो, त्यात तुझं जर्मनीतलं पगाराचं खातं दाखवायचं. इथं एक बारीक गोष्ट आहे. हा तक्ता आपल्या आर्थिक वर्षाचा नसतो, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो. तुझं खातं नोव्हेंबरमध्ये उघडलेलं, म्हणजे ते यात येतंच. खात्यात थोडेच युरो होते म्हणून हा तक्ता रिकामा सोडू नकोस. काळ्या पैशाविरुद्धचा २०१५ चा जो कायदा आहे, त्यात परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर तो दंड लावत नाहीत. पण दाखवण्याची जबाबदारी सुटलेली नाही. शिवाय भारत आणि जर्मनी बँक खात्यांची माहिती एकमेकांना दरवर्षी आपोआप पाठवतात. हे खातं कुणाला कळणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता ते लिफाफे.

अकरा आकडी नंबर म्हणजे श्टॉयर-आयडी, तुझा जर्मनीतला आयुष्यभराचा कर ओळख क्रमांक. घर बदललं, नोकरी बदलली, तरी तोच राहतो. पत्त्याची नोंदणी केल्यावर तो टपालानं येतो. तुझ्या रुग्णालयाला तो वेळेत मिळाला नसणार, म्हणून पहिल्या पगारात सगळ्यात जास्त कपातीचा करवर्ग, ‘वर्ग ६’, लागला आणि कर जबरदस्त कापला गेला. अविवाहित माणसाचा वर्ग १, तो आता बरोबर आहे. पहिल्या महिन्याची जास्तीची कपात बुडालेली नाही, ती वार्षिक हिशेबात सुटते. तुझ्या भागाचं कर कार्यालय, ज्याला तिथं फिनांत्सआम्ट म्हणतात, ते रिटर्न भरल्यावर आणखी एक क्रमांक देईल. तो आणि श्टॉयर-आयडी वेगळे. दोन्ही जपून ठेव.

१८.३६ युरोच्या पत्राचा करविभागाशी संबंध नाही. ती रेडिओ-टीव्हीची घरटी वर्गणी आहे, घरात टीव्ही असो वा नसो. ती घरामागे एकच असते. सहकारी मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहत असशील आणि त्यांच्यातली एखादी भरत असेल, तर तिचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळी हो. पत्राला उत्तरच दिलं नाही, तर मात्र थकबाकी चढत जाते.

२,८०० चे एकोणीसशे कसे झाले, हे पगाराच्या कागदावर एकदा शांतपणे बघ. तुझ्या पगाराला आयकरापेक्षा सामाजिक विम्याची कपात मोठी असते. पेन्शन विम्याचे ९.३ टक्के तुझे आणि तेवढेच रुग्णालयाचे. बेरोजगारी विम्याचे १.३ टक्के. वर आरोग्य विमा आणि शुश्रूषा विमा. हा आयकर नाही, म्हणून भारतातल्या करातून त्याची वजावट मागता येत नाही. अनेक जण एकूण कपातीलाच कर समजून आकडा भरतात आणि तिथंच फसतात. पेन्शनचे पैसे वाया गेले असंही समजू नकोस. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दोन्ही देशांतला नोकरीचा काळ पेन्शनच्या पात्रतेसाठी जोडता येतो. त्याच कागदावर चर्च-कराची एक ओळ असते. पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना असतो, त्यात कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं गेलं तर तुझ्या राज्यात आयकराच्या ८ टक्के जादा कापतात. तू त्यातली नसशील तर तिथं शून्य आहे ना, एवढं तपास.

फेब्रुवारीत मिळालेला कागद सगळ्यात मोलाचा. लोनश्टॉयरबेशाइनिगुंग हे त्याचं नाव, आणि आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखाच तो वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवतो. फक्त वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे तुझ्या कागदावर नोव्हेंबर आणि डिसेंबर असे दोनच महिने असतील. आणि तुझ्या बाजूची गोष्ट अशी की २०२५ साठी तिथं १२,०९६ युरोपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कर नाही, मग माणूस वर्षातले दोनच महिने तिथं राहिलेला असो. तुझे दोन महिन्यांचे होतात ५,६०० युरो. जानेवारी ते ऑक्टोबरचा नागपूरचा पगारही तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. त्याच्यावर कर लावत नाहीत, पण दर ठरवताना तो धरतात. २ लाख ८० हजार रुपये म्हणजे शंभरच्या भावानं २,८०० युरोंच्या आसपास. दोन्ही मिळूनही तू रेषेच्या खूप आत आहेस. म्हणून २०२५ मध्ये कापलेला आयकर, वर्ग ६ वाला धरून, सगळा परत मिळायला हवा.

हे रिटर्न तुझ्या मर्जीवर नाही. नागपूरच्या पगाराचा असा दरावर परिणाम होत असल्यामुळे ते भरणं बंधनकारक आहे, शेवटची तारीख ३१ जुलै २०२६. आपली आयटीआर-२ ची तारीखही ३१ जुलैच. एल्स्टर या सरकारी पोर्टलवर ते फुकट भरता येतं. खातं उघडताना सक्रिय करण्याचा कोड टपालानं येतो, त्यात दिवस जातात, तेव्हा नोंदणी या आठवड्यातच करून टाक. नोकरीसाठी केलेल्या खर्चाची १,२३० युरोंची वजावट पावत्यांशिवाय मिळते. नर्सिंगच्या पदवीची मान्यता, कागदांचं भाषांतर, कामासाठी केलेला जर्मनचा वर्ग, यांचा खर्च त्याहून जास्त झाला असेल तर तो पावत्यांसह दाखवता येतो. नागपुरात दिलेल्या पैशांच्या पावत्याही यात येतात. बाबांना त्या शोधून स्कॅन करायला सांग. त्यांना मदत करायचीच आहे, तर हे काम त्यांच्यावर सोपव.

रिटर्न भरल्यावर कर कार्यालयाचा निर्णय येतो, श्टॉयरबेशाइड नावाचा. तो लिफाफा आला त्याच दिवशी उघड. त्यातला आकडा पटला नाही तर आक्षेपाला एकच महिना असतो.

आता तिथला कर आणि इथला कर यांची गाठ कुठं पडते ते बघ, कारण खरा गुंता याच ठिकाणी आहे. निवासी म्हणून तू भारतात कर भरशील, तेव्हा त्याच पगारावर जर्मनीत भरलेला आयकर वजा करून मागता येतो. त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा, रिटर्नच्या आधी किंवा सोबतच. पण नोव्हेंबर-डिसेंबरचा कर तर तुला परत मिळणार आहे. जो कर परत मिळाला त्याची वजावट इथं मागता येत नाही. पगाराच्या कागदावरचा कापलेला आकडा जसाच्या तसा फॉर्म ६७ मध्ये टाकलास तर तो खोटा दावा होईल. तुझ्या मनात खोट नसली तरी होईल. वजावट उरते ती जानेवारी ते मार्च २०२६ च्या कराची, आणि तिथला कर व त्याच उत्पन्नावरचा इथला कर यातला जो कमी असेल तेवढीच. उरलेला फरक भारतात भरावा लागतो.

याहून चांगला मार्ग मिळू शकतो, पण तो जाणकाराकडून तपासून घ्यायला हवा. नोव्हेंबरपासून जर्मनीही तुला आपली निवासी मानते. दोन्ही देश एकाच माणसाला निवासी म्हणू लागले की दोघांमधला दुहेरी कर टाळण्याचा करार पुढे येतो. कायमचं घर कुठं आहे, जवळचे कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठं आहेत, नेहमी राहणं कुठं आहे, असे प्रश्न त्याच क्रमानं विचारून करार एक देश ठरवतो. नोव्हेंबरनंतर तू करारानुसार जर्मनीची ठरलीस, तर तिथं काम करून मिळवलेला पगार तिथंच करपात्र, असा दावा करता येतो. त्यासाठी फिनांत्सआम्टकडून निवासी असल्याचं प्रमाणपत्र लागेल. तुझं अविवाहित असणं, आईवडिलांचं घर प्रतापनगरात असणं, इथली एफडी, हे सगळं त्यात तोललं जाईल. दावा टिकेल की नाही हे तुझी सगळी कागदपत्रं पाहिल्याशिवाय कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. आयकर अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्या शहरात छिंदवाडा रोडवर आहे, सीए संस्थेची शाखा तू जिथं नोकरी केलीस त्या धंतोलीतच आहे. या विषयाची माणसं नागपुरात मिळतात. बाबांना सांग, फक्त पगारदारांची साधी रिटर्न भरणाऱ्याकडे हे काम देऊ नका. सीएला पहिला प्रश्न हाच विचारा : फॉर्म ६७ भरून परदेशी कराची वजावट तुम्ही याआधी कुणाला मिळवून दिली आहे का? उत्तर नाही आलं तर दुसरा सीए बघा. फीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

बँकेचा नियम पुन्हा वेगळा आहे आणि तो लोकांना हमखास चकवतो. परकीय चलनाच्या कायद्यात दिवस मोजत बसत नाहीत. नोकरीसाठी देश सोडला, की त्या दिवसापासून तू अनिवासी. म्हणजे आयकराला या वर्षी तू निवासी, आणि बँकेला ३ नोव्हेंबरपासून अनिवासी. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तुझं बचत खातं आणि एफडी एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या पैशांसाठीच्या प्रकारची, करून घ्यायला हवी, ते राहिलं असेल तर बँकेला लगेच कळव. बाबांनी दिलेला १५जी फक्त निवासी माणसासाठी असतो. एप्रिल २०२६ पासून तसा फॉर्म पुन्हा देऊ नका. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर उपकर कापते. तेच जर्मनीच्या निवासी प्रमाणपत्रावर करारामुळे १० टक्क्यांवर येऊ शकतं. तिथली बचत इकडे पाठवायची तर एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी खातं उघड. अनिवासी माणसाला त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. पण ‘एनआरई म्हणजे करमुक्त’ हे वाक्य इथल्यापुरतं खरं आहे. जर्मनी तिच्या निवासी माणसाचं जगभरातलं व्याज मोजते, वर्षाला १,००० युरोंपर्यंत सूट देते आणि त्यापुढे कर लावते. चार लाखांच्या एफडीनं तू त्या रेषेजवळही जात नाहीस. पाच-सात वर्षांनी बचत वाढली की हे आठव.

आईबाबांना पैसे पाठवतेस त्यावर त्यांना इथं कर नाही, मुलीनं दिलेली रक्कम करमुक्त असते. आईवडिलांना पोसण्याच्या खर्चाची वजावट जर्मनीत आहे, पण त्यांचं स्वतःचं उत्पन्न त्यातून वजा होतं आणि २०२५ पासून पैसे बँकेतूनच गेलेले असावे लागतात. बाबांना पेन्शन असेल तर त्या वजावटीमागे फार धावू नकोस.

एक शेवटचं, कारण यात बरीच मुलं अडकतात. भारतातलं रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते, उशीर झाला तर पडताळणीचा दिवस हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि पडताळणी केलीच नाही तर ते भरलं नाही असं धरलं जातं. आधारचा ओटीपी येतो तो नागपूरच्या नंबरवर. ते सिम बंद पडू देऊ नकोस, त्यावर रोमिंग चालू ठेव, आणि तो ओटीपी बाबांच्या फोनवर न येता तुझ्याच फोनवर येईल असं बघ. भरलेलं रिटर्न तू स्वतः वाचल्याशिवाय तो कुणाला सांगू नकोस, बाबांनाही नाही. सिम चालत नसेल तर नेट बँकिंगनं पडताळणी होते. तेही जमलं नाही तर पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला टपालानं पाठव. मात्र जर्मनीतून टपाल पोचायला वेळ लागतो, आणि त्या ३० दिवसांत ते तिथं पोचलेलं असायला हवं.